डाव्या बाजूची जागा

ओर्साना, ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

मालंदसचा बिशप त्रोइलस याला ओर्सानाच्या दोम्नसचा नमस्कार, आणि सोबत टोपलंभर वाळवलेले जर्दाळू. टोपलं परत पाठव. मागचं अजून तुझ्याकडेच आहे.

बर्फ वितळून वाट मोकळी झाली आणि मी लगेच तुझ्या मागे लागलो, तेव्हा काहीतरी काम असणार हे तू ओळखलं असशीलच. काम आहे. सप्टेंबरात आमच्या कोतीसचा सण. समाधीवर यंदा नवं छप्पर झालंय, आजूबाजूचे सगळे बिशप येणार आहेत, आणि प्रवचन तू करायचंस. नाही म्हणू नकोस. मागच्या वर्षी शेजारच्या बिशपांनी उपासावर इतका वेळ प्रवचन केलं, की बायकांनी सणाच्या शिजवलेल्या गव्हाची पातेली उचलली आणि अंगणात जाऊन वाटायला सुरुवात केली. मीही गेलो असतो, पण मला पुढे बसवलं होतं.

कैसारियाला आपण एकाच गुरूकडे शिकलो. तुझं भाषण ऐकताना गुरुजी डोळे मिटून घ्यायचे, माझं ऐकताना झोपायचे. त्यामुळे हे काम तुझंच.

कोतीसबद्दल आम्हाला माहीत आहे ते फार थोडं. तो सम्राटाच्या इथल्या तबेल्यात मोतद्दार होता. ख्रिस्ती लोकांच्या मागच्या छळात, म्हणजे आपण दोघे जन्मायच्या आधी, तबेल्यातल्या सगळ्या नोकरांना मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला सांगितलं. बाकीच्यांनी टाकला, याने टाकला नाही. त्याला तबेल्यातच कोंडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यांच्या हौदापाशी मारलं. आमचा रक्तसाक्षी एवढाच आहे, पण आमचा आहे.

त्याची बायको अम्मिया अजून आमच्यात आहे. सत्तरी ओलांडली असेल. सणाचा पहिला दिवा दरवर्षी तीच लावते आणि गहूही तीच शिजवते. समाधीच्या उजव्या अंगाला तिच्या थडग्याची जागा राखलेली आहे, माझ्या आधीच्या बिशपांनी तिला तसा शब्द दिला होता. लहानपणी मी तिच्या चुलीपुढे बसून भाजलेले हरभरे खाल्लेत. तू म्हणशील तर तिला नीट विचारून, काय काय घडलं ते लिहून पाठवतो. आजवर कोणी विचारलेलं नाही. आपण होऊन ती बोलत नाही.

उत्तर लगेच दे. आणि टोपलं.

दोम्नस

*

मालंदस, जून

दोम्नसला त्रोइलसचा नमस्कार, आणि आमच्या मठातलं मेण. सणाच्या मेणबत्त्यांना होईल. टोपली दोन्ही पाठवतोय, आता तरी गप्प बस.

येतो. पायाचा अंगठा सुजलाय, वैद्य म्हणतो मांस सोडा, मी म्हणतो वैद्य सोडतो. पण सप्टेंबरापर्यंत खेचरावर बसता येईल.

म्हातारीला काही विचारू नकोस. पन्नास वर्षांपूर्वीची जखम माझ्या प्रवचनासाठी कशाला उकरायची? शिवाय गरजही नाही. इतक्या रक्तसाक्षींवर बोललोय मी, की आता त्यांची वाट मला तोंडपाठ आहे. अधिकारी आधी गोड बोलतो, मग धमकावतो. मग नातलग येतात. बायको मूल घेऊन येते आणि पाया पडते. तो तिच्याकडे पाठ फिरवतो, आकाशाकडे पाहतो, आणि तिथे मंडळी रडायला लागते. सगळीकडे हेच घडतं, कारण सगळीकडे माणसंच असतात. तुझ्या मोतद्दाराला मी घोड्यांचे चार दाखले जोडतो, की झालं.

तुझं गव्हाचं पातेलं कोणी अंगणात नेणार नाही, याची हमी माझी.

त्रोइलस

*

ओर्साना, सप्टेंबर, सणानंतरचा आठवडा

त्रोइलसला दोम्नसचा नमस्कार. खेचर लंगडत होतं, तू सुखरूप पोचलास ना?

आधी गोड बातमी. लोक अजून तुझ्याच प्रवचनाबद्दल बोलताहेत. घोड्यांचे व्यापारी मेनास, ज्यांनी छपराचा खर्च दिला आणि ज्यांना आम्ही समाधीच्या डाव्या अंगाची जागा कबूल केली आहे, ते तर ढसाढसा रडले. त्यांनी लगेच चितारी बोलावला. तुझ्या प्रवचनातला प्रसंग समाधीच्या भिंतीवर येतोय. कोतीस मधोमध, तोंड वर आकाशाकडे फिरवलेलं, आणि खाली पायाशी बाळ घेऊन रडणारी बायको. तीन गावांच्या मंडळ्यांनी त्यांच्या सणात वाचायला प्रवचनाच्या प्रती नेल्या.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या लक्षात आलं नसेल, तू वर बघून बोलत होतास. बायकोचा भाग आला आणि अम्मिया उठली. मला वाटलं गहू बघायला गेली. ती घरी गेली. संध्याकाळी दिवा लावायला आली नाही, तो शेवटी मीच लावला. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो तर ती लोकर पिंजत बसली होती. म्हटलं, "काय झालं? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय," म्हणाली. "माझी ती जागा आहे ना समाधीजवळ, ती दुसऱ्या कोणाला देऊन टाक. मला त्याच्याशेजारी पुरू नका. गावाबाहेर माझी सासू आहे, तिथे टाका."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. म्हटलं, सासूशी तुझं कधी पटलं नाही.

"पटलं नाही, पण तिने माझ्याकडे कधी पाठ फिरवली नाही," म्हणाली, आणि मला हरभरेसुद्धा दिले नाहीत.

त्रोइलस, मी तिला ओळखतो. ती रुसणारी बाई नाही. पन्नास वर्षं त्या जागेवर झाडू मारत आली आहे ती, अगदी अंथरूण घालून ठेवल्यासारखी. काय करू सांग.

दोम्नस

*

मालंदस, ऑक्टोबर

दोम्नसला त्रोइलसचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग थोडा राग आला, मग परत वाईट वाटलं. मी त्या बाईचा अपमान केला का? बायको विनवते आणि तरी तो डगमगत नाही, यातच त्याची थोरवी दिसते. तिचे अश्रू नसते तर त्याच्या धैर्याला माप कुठलं? हे तिला कोणी समजावलं का? तू समजावलंस का? की नुसते हरभरे मागत बसलास?

तरी तिचं मन दुखवायचं नाहीये. बहुतेक ती म्हणत असेल की मी विनवलंच नाही, मी उलट त्याला धीर दिला. म्हातारपणी माणसाला असं वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. दोन उपाय आहेत. एक, मी शेवटी चार ओळी घालतो, की नंतर तिला आपली चूक कळली आणि तिने पतीच्या निश्चयाचं कौतुक केलं. नाहीतर दुसरा, बायकोचा सगळा भागच काढून टाकतो. चिताऱ्यालाही सांग तिला पुसून टाकायला. म्हणजे कोणी बोट दाखवायचा प्रश्नच नाही.

तिला विचार कुठलं बरं वाटेल. तीन मंडळ्यांना मी कळवतो.

अंगठा पुन्हा सुजलाय. तुझ्या गव्हात डाळिंब फार होतं.

त्रोइलस

*

ओर्साना, नोव्हेंबर, पहिलं बर्फ पडायच्या आत

त्रोइलसला दोम्नसचा नमस्कार, आणि मुरवलेल्या कोबीचा एक रांजण.

घाईत लिहितोय. हा माणूस आज निघाला नाही तर वाट बंद होईल आणि मग वसंतापर्यंत बोलणं नाही.

तुझे दोन्ही उपाय अम्मियाला सांगितले. पहिला ऐकून ती लोकर पिंजत राहिली. दुसरा ऐकून हसली. "हे बरंय," म्हणाली, "आधी त्याने तोंड फिरवलं, आता मी नव्हतेच." मग म्हणाली, "तुझ्या त्या मित्राला लिहिता येतं म्हणतात. त्याला वाचताही येत असेल ना? मग तुझ्या हाताखालच्या डीकनला पाठव. मी सांगते, त्याने लिहावं."

मी घरात बसलो तर ती बोलेना. "तू बाहेर जा," म्हणाली, "तुझ्यापुढे लाज वाटते, तुला मी नागडा पाहिलाय." मग मी बाहेर थंडीत उभा राहिलो. तिने काय लिहवलंय ते मी निघताना वाचलं. सोबत जोडलंय. मला विचारशील तर, तिला विचारू नको म्हणणारा तू, आणि ते ऐकून न विचारणारा मी, आपण दोघेही सारखेच. मी तर दोन घरं सोडून राहतो.

दोम्नस

*

(सोबतचं पत्र)

त्रोइलसबाबांना अम्मियाचा नमस्कार. हे डीकन लिहितोय. त्याला बजावलंय, मी बोलते तसंच उतरव, मध्ये शास्त्रातलं काही घालू नकोस.

तुम्ही आलात तेव्हा माझ्या हातचा गहू खाल्लात, परत मागून घेतलात. मला बरं वाटलं होतं. म्हणून मी तुमच्यावर डूख धरून बसलेय असं समजू नका.

तुम्हाला वाटतंय, मी रडले असं सांगितलंत म्हणून मला राग आला. नाही बाबा. मी रडलेच. धूप टाक, असंही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, मी दुसरं काय म्हणणार? "चिमूटभर तर आहे, नाक दाबून टाक आणि घरी चल, मसूर चुलीवर आहे," असं म्हटलं मी. ते खरं आहे. ते राहू द्या. मला नंतर काही चूकबिक कळली नाही. आजही कोणी मला त्या खिडकीशी नेऊन उभं केलं तर मी तेच म्हणेन. प्रभूला माहीत आहे ते, आमचं त्यावर बोलणं झालेलं आहे.

बाळाचंही सांगते. आम्हाला मूल नव्हतं, तेवढा वेळच मिळाला नाही. तुम्ही प्रवचनात माझ्या कडेवर एक दिलंत. त्याचा राग नाही. खरं सांगायचं तर तेवढं ऐकताना बरं वाटलं. मुलगा होता की मुलगी, ते काही तुम्ही सांगितलं नाहीत.

पण त्याने तोंड फिरवलं नाही.

तबेल्याच्या मागच्या भिंतीला गजांची खिडकी होती. त्याचा उजवा हात गव्हाणीच्या कडीला साखळीने बांधला होता. डावा मोकळा होता. तो त्याने गजांतून बाहेर काढला आणि मी धरला. दुपारी घोडे पाण्यावर नेले तेव्हा धरला, ते परत आणले तोवर सोडला नाही. पहाऱ्यावरचा शिपाई जेवत होता, त्याने आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं केलं. देव त्याचं भलं करो. साखळी आखूड होती, मान वाकडी करून बघावं लागत होतं, तरी तो सगळा वेळ माझ्याकडेच बघत होता. आणि बाबा, तोही रडत होता. तुमचा आकाशाकडे बघत होता, माझा घाबरला होता. हात गार पडला होता. मला म्हणाला, "अम्मिया, मला जमत नाही गं टाकायला." टाकणार नाही असं नाही म्हणाला, जमत नाही म्हणाला. काही घोडी असतात, कितीही मारा, पुलावर पाय ठेवत नाहीत. तसं. त्याला स्वतःलाही ते नवलच वाटत होतं.

मग आणखी एक बोलला, ते मी डीकनला सांगणार नाही. ते माझं आहे.

मंडळी त्याच्याकडे पाऊस मागते, पोरं मागते, आजारी खेचरं आणते. मी कधी काही मागितलं नाही. मी दिवा लावून बसते. शेवटपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं, एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर दिवस काढले. दुसरं लग्न करायला लोकांनी किती सांगितलं. ती गोष्ट तुम्ही सगळ्यांसमोर काढून घेतलीत. आता विहिरीवर पोरी विचारतात, "आजी, त्यांनी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही?" आणि भिंतीवरही तसंच काढलंय. मी आहे तोवर मी नाही म्हणेन. मी गेल्यावर भिंत राहील.

ज्याने पाठ फिरवली त्याच्याशेजारी बाईने कशाला जाऊन झोपायचं? लोक म्हणतील, मेल्यावरही हिने पिच्छा सोडला नाही.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत ते मला कळतं. पाय मिठाच्या गरम पाण्यात शेकत जा.

अम्मिया

*

मालंदस, मार्च

दोम्नसला त्रोइलसचा नमस्कार. वाट उघडली म्हणतात. हा माणूस पोचला तर उघडली म्हणायची.

वाट बंद झाली हे माझ्यासाठी बरंच झालं. ते पत्र वाचलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं होतं, लांबलचक, सुंदर, आणि तू ते वाचलं असतंस तर मला पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हिवाळ्यात अशी आणखी बरीच लिहिली आणि चुलीत घातली.

दोम्नस, मला लाज वाटते. इतकी वर्षं मी दगडाच्या माणसांवर प्रवचनं केली आणि त्यांना रक्तसाक्षी म्हटलं. ज्याला भीती वाटत नाही, ज्याचं घरी कोणी नाही, त्याला मरायला काय लागतं? हा माणूस रडत होता, बायकोचा हात सोडत नव्हता, घरच्या मसुरीचा वास त्याच्या नाकात होता, आणि तरी त्याला जमलं नाही. माझ्या तोंडपाठ वाटेवर हा कुठे बसतच नाही. आणि मला हे कळलं कोणाकडून, तर जिला विचारू नको म्हणालो तिच्याकडून.

मी नवीन लिहितोय. तीनही मंडळ्यांकडून प्रती परत मागवल्या. दोघांनी परत पाठवल्या. तिसरे बिशप म्हणतात, आमची मंडळी तुमच्या पाठ फिरवणाऱ्या कोतीसवर खूश आहे, रडका रक्तसाक्षी ऐकून तिचं धैर्य खचेल, आम्ही जुनंच वाचणार. त्यांना मी पुन्हा लिहीन. तोवर तिला हे सांगू नकोस. किंवा सांग. आता मी तिच्यापासून काही लपवायच्या फंदात पडत नाही.

जागेचं काही ठरवू नकोस. थांब.

त्रोइलस

*

ओर्साना, मे

त्रोइलसला दोम्नसचा नमस्कार.

अम्मिया हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर घसरली. कमरेला लागलंय. काठीशिवाय उभी राहत नाही, आणि काठीवरही फार वेळ नाही. बायका पाळीपाळीने तिच्याकडे जातात आणि तिच्या शिव्या खाऊन येतात, कोणाचीच भाकरी तिला जमलेली वाटत नाही. वैद्य माझ्याशी बाहेर येऊन हळू आवाजात बोलला. तेव्हा तू लिही, पण जरा लवकर लिही.

मेनासनी मला गाठलं. "बाईंनी उजवी बाजू सोडली म्हणे. ती मानाची बाजू. माझी डावी बदलून ती मिळेल का?" मी म्हटलं, बघू, छपराचं थोडं काम राहिलंय. छपराचं काम झालेलं आहे हे त्यांना माहीत आहे, पैसे त्यांनीच दिलेत. तरी मान डोलावून गेले बिचारे.

आता खरं सांगतो. तुझं पत्र वाचून मी तुझ्याइतका धीट झालो नाही. रडणारा, घाबरलेला रक्तसाक्षी मी लोकांपुढे उभा करायचा? त्याच्याकडे आजारी मुलं घेऊन येणाऱ्यांपुढे? सणाला बिशप येतील, ते एकमेकांकडे बघतील. मला भीती वाटते. तू बोलून खेचरावर बसून निघून जाशील, राहायचं मला आहे.

पण काल तिच्याकडे गेलो होतो. झोपेत तिचा उजवा हात पांघरुणाबाहेर होता, मूठ अर्धी मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. मी तिथे बराच वेळ बसलो. लिही. भीतीचं मी बघतो.

दोम्नस

*

मालंदस, ऑगस्ट

दोम्नसला त्रोइलसचा नमस्कार. सोबत प्रवचन. जुन्याच्या निम्म्याने आहे.

मी येऊ शकत नाही. पाय इतका सुजलाय की खेचरावर काय, खाटेवरून खाली उतरत नाही. तू म्हणशील हा घाबरला. घाबरलोही आहे. पण अंगठा खरा आहे, तुझ्या माणसाला दाखवलाय, तो सांगेल.

तू वाच. तुझा आवाज वाईट आहे आणि तू मध्येच अडखळतोस. ते या प्रवचनाला चालेल.

बाळ काढून टाकलं. ते काढताना माझा हात अडला, का ते विचारू नकोस. जे ती सांगणार नाही म्हणाली, त्याबद्दल फक्त एवढंच लिहिलंय की तो तिच्याशी आणखी एक बोलला आणि ते तिचं आहे.

तिला येता येईल का?

त्रोइलस

*

ओर्साना, सप्टेंबर, सणानंतरचा तिसरा दिवस

त्रोइलसला दोम्नसचा नमस्कार. जर्दाळू पाठवतोय. टोपलं ठेवून घे.

बसून सावकाश वाच. सगळं सांगतो.

तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं, त्रोइलसने नवीन लिहिलंय, ऐकायला ये. "मला ऐकायला कमी येतं," म्हणाली. सणाच्या दिवशी बायकांनी तिचं काही ऐकलं नाही. खुर्चीला दोन दांडे बांधले आणि तिला उचलून आणलं. वाटभर ती "हळू, हळू, मी काय कोबीचा रांजण आहे का" म्हणत होती. अगदी पुढे, समाधीच्या कठड्याशी ठेवली. बिशप लोक ओळीने बसले होते. तो तिसरा, प्रत न देणारा, तोही होता.

मी वाचायला लागलो. तू म्हणालास तसा अडखळलो. पहिली ओळ दोनदा वाचली. घोडे, तबेला, धूप, इथवर सगळे नेहमीसारखे ऐकत होते. मग तू लिहिलंस तिथे आलो, बायको खिडकीशी आली आणि म्हणाली, चिमूटभर तर आहे, घरी चल, मसूर चुलीवर आहे. बायकांच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी अम्मियाकडे बघायचं टाळलं. पुढे वाचलं, "पहारेकऱ्याने दयेने दुसरीकडे पाहिलं."

"जेवत होता तो," अम्मिया मोठ्याने म्हणाली.

सगळी मंडळी हसली. मीही हसलो. मेनास तर खो खो हसले. आणि त्रोइलस, तिथून पुढे माझी भीती गेली. मी वाचलं की त्याने डावा हात बाहेर काढला आणि तिने धरला. मी वाचलं की तो रडत होता. मी वाचलं की त्याने तोंड फिरवलं नाही. ही ओळ तू वेगळी, एकटीच लिहिली आहेस, म्हणून मी तिथे थांबलो. अम्मिया रडली नाही. भाजीत मीठ बरोबर पडलंय का ते बघताना बायका मान हलवतात ना, तशी तिने एकदा हलवली.

तो तिसरा बिशप नंतर अंगणात माझ्याजवळ आला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. "माझी बायको वारली तेव्हा," म्हणाला, आणि तेवढ्यावरच गहू घेऊन बसला. प्रत मागून घेतली आहे त्याने, नवी.

दिवा अम्मियाने लावला. मी तिचा कोपर धरला होता, तर म्हणाली, "सोड, मला येतं."

चिताऱ्याला मी महिनाभर आधीच बोलावून घेतला होता. त्याने कोतीसचं तोंड खरवडून नव्याने काढलं, खाली बायकोकडे बघणारं. पण अंग आधीच दुसरीकडे वळवलेलं, त्यामुळे मान पिरगळल्यासारखी दिसते. त्याला स्वतःलाच ते खटकत होतं. अम्मियाला खुर्चीतून भिंतीपुढे नेलं. तिने पुष्कळ वेळ बघितलं. "अशीच होती मान," म्हणाली. "साखळी आखूड होती."

चितारी खूश झाला. मग म्हणाला, "ते बाळ तेवढं उद्या पुसतो आजी. प्रवचनातून काढलंय म्हणे."

"राहू दे," ती म्हणाली. "ते आता कुठे जाणार?"

लोकांनी बाळाबद्दल विचारलं तर काय सांगायचं ते तू कळव, मला सुचत नाही. ते आहे तिथेच आहे, तिच्या कडेवर. गोंडस काढलंय.

काल सकाळी तिने दगडवाल्याला बोलावून घेतलं आणि मलाही. समाधीजवळ खुर्ची ठेवायला लावली. मी हळूच म्हटलं, "उजवी बाजू अजून तुझीच आहे. मी कोणाला दिली नाही."

"उजवीकडे साखळी होती," ती म्हणाली. "मला डावीकडे यायचंय."

डावी मेनासची. मी त्यांच्याकडे गेलो आणि अदलाबदलीचं विचारलं. मानाची बाजू मिळते म्हणून ते इतके खूश झाले, की दगडाचाही खर्च देतो म्हणाले. परत येऊन तिला सांगितलं. दगडवाला सूत धरून उभा होता. त्याने विचारलं, दोघांच्या मध्ये किती जागा सोडू, भिंत घालायची का.

तिने कठड्यापाशी काठी टेकवली, उजवा हात समाधीच्या दगडाकडे लांब केला आणि बोटं टेकली तिथे थांबली.

"भिंत नको," म्हणाली. "हात पुरेल एवढंच अंतर ठेव."

दोम्नस